बाळंतिणीचं वजन आणि दुधाचा हिशेब

नरखेडच्या किराणा दुकानात ‘बाळंतपणाचं सामान बांधा’ एवढंच म्हटलं की पुढची यादी सांगावी लागत नाही. डिंक, खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, अळीव, सुंठ, गोडंबी, मेथ्या, बाळंतशेपा अशा पुड्यांचा ढीग लागतो आणि घरी कढईत तूप चढतं. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाजेवरच्या लेकीसमोर आई लाडवाची वाटी धरते, “खाय वं पोरी, नाही तर लेकराले दूध कुठून येईन?” लेक खाते. सव्वा महिना सरतो, बारसं आटोपतं आणि एक दिवस जुना ब्लाउज दंडात अडकतो. मोबाइल सांगतो, अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं. ती तर दिवसातून दहादा पाजते. मग काटा जागचा हलत का नाही?

त्याच दिवसांत, त्याच तालुक्यात, दुसरी एक बाई तान्हं लेकरू मोठ्या पोरीजवळ ठेवून कापूस वेचायला गेलेली असते. मजुरी किलोवर, त्यामुळे मधे उठून घरी जाणं परवडत नाही. दुपारपर्यंत ओटीत कापूस दाटतो आणि छातीत दूध. ती काट्यावर शेवटची उभी राहिली ती पोटुशी असताना, दवाखान्यात. आता तिचं वजन किती, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

या दोघी कल्पनेतल्या आहेत, पण त्यांना शोधायला फार फिरावं लागणार नाही. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका एका अंगानं अमरावतीच्या वरुडला आणि दुसऱ्या अंगानं मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला लागून आहे. इथं संत्र्याच्या बागेचा मालक आहे आणि त्याच बागेच्या धुऱ्यावरून कामाला जाणारी मजूरही. राज्याचं चित्रही असंच दुभंगलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड. म्हणजे ‘बाळंतपणानंतर वजन कसं उतरवावं’ हा प्रश्न एकीचा आहे, तर ‘ते उतरू कसं नये’ हा जवळजवळ तेवढ्याच दुसऱ्या बायांचा. दोघींच्या अंगात दूध मात्र एकाच रीतीनं तयार होतं. म्हणून आधी त्या दुधाचा हिशेब मांडू.

चढलेलं वजन कशाचं असतं?

नऊ महिन्यांत वजन चढतं ते सगळं चरबीचं नसतं. फ्रँक हिटन आणि इझाबेला लीच या ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात या वजनाची फोड करून ठेवली, ती आजही वैद्यकीय पुस्तकांत सापडते. साधारण साडेबारा किलो वजन वाढलं असेल, तर त्यातलं बाळ सुमारे ३.४ किलो, वार ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम. गर्भाशय स्वतःच जवळजवळ एक किलोनं वाढलेलं असतं. वाढलेलं रक्त सव्वा किलोच्या वर, स्तन ४०० ग्रॅम, अंगात साठलेलं पाणी दीड किलोच्या आसपास. हे सगळं वजा केलं की उरते ती साडेतीन किलोच्या आतबाहेरची चरबी. ही गोऱ्या, उंच बायांची सरासरी आहे. आपल्याकडे बाळ तीन किलोच्या आसपास आणि वाढ दहा-बारा किलोंची धरतात, पण वाटणी अशीच.

बाळ, वार आणि पाणी बाहेर पडलं की त्याच दिवशी पाच-सहा किलो उतरतात. पुढच्या एक-दोन आठवड्यांत साठलेलं पाणी लघवी आणि घामावाटे जातं. बाळंतिणीला रात्री पाठ भिजेपर्यंत घाम येतो तो यामुळेच. घरचे ‘वारं लागलं’ म्हणून आणखी एक गोधडी टाकतात, एवढंच. गर्भाशय सहा आठवड्यांत किलोवरून शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. आपला सव्वा महिना आणि प्रसूतिशास्त्राचे सहा आठवडे जवळजवळ जुळतात, हा काही निव्वळ योगायोग नसावा. कैक पिढ्यांच्या बायांनी बघूनच ती मुदत ठरवली असणार.

या आकुंचनात दुधाचा मोठा हात आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानं स्तनातल्या दुधाच्या पिशव्या दाबल्या जातात आणि पान्हा फुटतो. तेच संप्रेरक गर्भाशयालाही आवळतं. पाजताना ओटीपोटात कळ येते, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्तच येते, ती ही. रक्तस्राव आटोक्यात राहतो, पोट लवकर बसतं. बाळाला पहिल्या तासात छातीशी धरायला सांगतात त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे पिवळसर चीकदूध. ते पिळून टाकायची आणि बाळाला आधी मध किंवा गूळपाणी चाटवायची जुनी रीत होती. तिनं बाळ पहिल्या लशीसारख्या संरक्षणाला मुकतं आणि आई त्या आवळणीला.

सहा आठवडे संपले की पाण्याचा आणि पेशींचा हिशेब जवळपास मिटतो. पुढं जे अंगावर उरतं ती चरबी. खरा प्रश्न तिच्यापासून सुरू होतो.

दुधाला लागतं किती?

फक्त अंगावर पिणारं बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध ओढतं. शंभर मिलिलिटरमध्ये ६५ ते ७० कॅलरी. म्हणजे बाळाच्या पोटात दिवसाला ५००-५५० कॅलरी जातात. पण दूध करण्यातही खर्च होतो. आईच्या अंगातून शंभर कॅलरी निघाल्या तर दुधात सुमारे ऐंशी उतरतात. त्यामुळे आईच्या खात्यातून रोज ६५० च्या वर कॅलरी खर्ची पडतात. जड काम न करणाऱ्या भारतीय बाईची दिवसभराची सगळी गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये १,६६० कॅलरी ठरवली आहे. तिच्या जवळजवळ चाळीस टक्के एवढा हा दुधाचा खर्च आहे. नुसतं बाजेवर बसून पाजणं म्हणजे आराम, हा समज इथंच मोडतो.

हा खर्च भागवण्याची तजवीज शरीर गरोदरपणातच करून ठेवतं. ती साडेतीन किलोंची चरबी म्हणजे दुधासाठी काढून ठेवलेली ठेव. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००४ च्या तज्ज्ञ अहवालात असं धरलं आहे की सुस्थितीतल्या आईच्या ठेवीतून रोज १७० कॅलरी निघतात आणि उरलेल्या पाचशे जेवणातून याव्यात. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज १७० या गतीनं महिन्याला ६५०-७०० ग्रॅम चरबी खर्ची पडेल आणि सगळी ठेव पाच-सहा महिन्यांत संपेल. बाळाला वरचं अन्न सुरू करायची वेळही नेमकी तीच.

यावरून ‘आपोआप’चा वेग कळतो: महिन्याला पाऊण किलोच्या आसपास, तेही जेवण गरजेएवढंच असेल तर. आठवड्याला दोन किलो उतरल्याच्या जाहिराती पाहून जी स्वतःला कोसते, तिनं हा आकडा लक्षात ठेवावा. निसर्गानं ही चरबी सहा महिन्यांच्या मुदतीची ठेवली आहे. ती सहा आठवड्यांत मोडायची नसतेच.

मग उतरत का नाही?

कारण त्या पाचशे कॅलरी जेवणातून येतात तशा लाडवातूनही येतात. तूप, खोबरं, डिंक, गूळ, गोडंबी घालून बांधलेला लाडू पन्नास ग्रॅमचा असेल तर त्यात सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी सहज बसतात. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, की दुधाची सगळी वाढीव गरज भागली. त्यावर अळिवाची खीर, भातावर तुपाची धार, शिरा आणि आल्यागेल्यांनी आणलेली बिस्किटं. ठेवीतून काढायची वेळच येत नाही. उलट भर पडते.

लाडवाला दोष देणं मात्र अन्यायाचं होईल. तो ज्या बाईसाठी जन्मला, ती दळण-कांडण करणारी होती. नवव्या महिन्यापर्यंत निंदणाला जाणारी, भाकरीवर तेल टाकायलाही मागंपुढं पाहणाऱ्या घरातली. वर्षातून तिला पोटभर तूप मिळायचं ते या सव्वा महिन्यात. थोडक्या जागेत भरपूर कॅलरी, अळिवातलं आणि खारकेतलं लोह, गोडंबीतली प्रथिनं हा त्या काळचा उत्तम पोषण कार्यक्रमच होता. आज गरोदरपणात पंधरा-सोळा किलो वाढलेल्या, घरात गॅस, मिक्सर आणि धुण्याचं यंत्र असलेल्या मुलीपुढे तोच लाडू त्याच मापानं येतो. लाडू तोच राहिला, खाणारीचं जगणं बदललं.

दुसरं कारण भूक. पाजणाऱ्या आईला भूक जास्त लागते आणि ती खरी असते. शरीर ठेव सांभाळायला बघतं, म्हणून आधी ताटाकडे ढकलतं. तिसरं कारण झोप. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाची गोडाची ओढ वाढते आणि हालचाल मंदावते. चौथं कारण घरातल्या घरात राहणं. कानाला फडकं बांधून, खिडक्या लावून काढलेल्या दिवसांत पाय फारसे हलत नाहीत.

म्हणूनच जगभरच्या अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत. डेन्मार्कमधल्या हजारो मातांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जितकं जास्त आणि जितके दिवस पाजलं, तितकं वजन कमी उरलं. गरोदरपणात वाढ बेताची असेल, तर सहा महिन्यांत ती बहुतेक भरून निघाली. पण २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा बऱ्याच ठिकाणी संबंध अगदी थोडा किंवा नसल्यासारखाच निघाला. पाजण्यानं वजन उतरायला वाट मिळते. त्या वाटेनं ते उतरेल की नाही, हे ताट ठरवतं.

व्यायामाचंही तसंच. अमेरिकेत १९९४ मध्ये पाजणाऱ्या बायांच्या एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, ४५ मिनिटांपर्यंत व्यायाम करायला लावला. दूध कमी झालं नाही, बाळं नीट वाढली, आयांचा दम वाढला. वजन मात्र व्यायाम न करणाऱ्या बायांपेक्षा जास्त उतरलं नाही, कारण त्यांनी तेवढं जास्त खाल्लं. मग २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात चाळीस जाड मातांपैकी काहींना व्यायामाबरोबर आहारही थोडा कमी करून दिला. दहा आठवड्यांत त्यांचं सरासरी ४.८ किलो वजन उतरलं. काहीच बदल न करणाऱ्यांचं ०.८ किलो. दोन्हीकडची बाळं सारखीच वाढली. ‘कमी खाल्लंस तर दूध आटेल’ या धाकाला हे उत्तर आहे. मात्र हे उत्तर ज्यांच्या अंगावर ठेव आहे त्यांच्यापुरतंच.

जिचं वजन उतरू नये ती

आता कापसाच्या शेतात जाऊ. तिथल्या बाईच्या अंगावर साडेतीन किलोंची ठेव झालेलीच नसते. महाराष्ट्रातल्या खेड्यांचं याबाबतचं सर्वांत काळजीपूर्वक केलेलं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी लग्न झालेल्या तरुण बायांची नोंद सुरू केली. गरोदर राहण्यापूर्वी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं, बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या जवळपास. शोभा राव यांनी त्याच गावांत पाहिलं की शेतातलं काम, पाणी भरणं असे कष्ट गरोदरपणात जितके जास्त, तितकं बाळ लहान. कॅलरी कमी मिळणं ही अडचणीची एकच बाजू होती. दुसरी बाजू त्या कॅलरी कष्टात जाण्याची.

अशी आई पाजू शकते का? शकते, आणि हीच गोष्ट भल्याभल्यांना कळत नाही. आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाच्या गावात १९८० च्या सुमाराला ब्रिटिश संशोधकांनी कमी खाणाऱ्या पाजत्या आयांना रोज भरपूर कॅलरींचा जादा आहार दिला. दूध वाढेल अशी अपेक्षा होती. दुधाचं माप होतं तेवढंच राहिलं, कारण ते आधीच जवळपास पुरेसं होतं. वाढीव आहार लागला तो आईच्या अंगी.

याचा अर्थ संत्र्याच्या बागायतदाराला चटकन समजेल. झाडाच्या ताकदीपलीकडे बहर धरला, खत-पाण्याकडे दुर्लक्ष केलं, तरी झाड फळ पोसतं. बाजारात नेलेल्या फळाकडे पाहून झाडाची दशा कळत नाही. पण तोडणीनंतर फांद्यांना सल पडते, शेंडे वाळतात आणि दोन-तीन वर्षांत झाड बसतं. दूध चांगलं आहे, बाळ बाळसं धरतंय, म्हणून आई ठीक आहे असं मानणं म्हणजे फळ मोजून झाडाची प्रकृती ठरवणं. आधी उल्लेख केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्तक्षय आढळला, तो याच ओझ्याचा भाग आहे.

सुस्थितीतल्या पाजत्या आया पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला सरासरी ०.८ किलो उतरतात, तर कुपोषित आया ०.१ किलो, असं अभ्यासांत आढळलं आहे. काढायला ठेव नसते, म्हणून काटा हलत नाही. अशा आईचा ‘वजन स्थिर आहे’ हा शेरा समाधानाचा नसतो. ती दुधाचा खर्च रोजच्या रोज, हातातोंडावर, ताटातून भागवत असते आणि एखाद्या दिवशी ताट रिकामं असलं की स्वतःच्या स्नायूंतून.

बागायतदाराला ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे एकाच झाडावर एका वर्षात आंबिया आणि मृग असे दोन्ही बहर धरू नयेत. जागतिक आरोग्य संघटनाही एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ धरायला किमान २४ महिने जाऊ द्या असं सांगते. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, रात्रंदिवस फक्त अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल, तर या तिन्ही अटी एकत्र पाळल्या जाईपर्यंत गर्भ राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. यातली एकही अट मोडली की दुसरं साधन लागतं. ‘अंगावर पाजते, दिवस राहणार नाहीत’ या अर्धवट भरवशावर अनेक घरांत वर्षाच्या आत दुसरा पाळणा हलला आहे.

ताटात काय, आणि कधी?

पाजत्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. सहाव्या महिन्यानंतर ही वाढ ५२० कॅलरींवर येते. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून द्यायच्या आहाराचं माप घातलं तेही ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असंच. म्हणजे अंगणवाडीतून मिळणारं पाकीट हे नेमकं दुधाच्या खर्चाचं माप आहे. ते घरात सगळ्यांत वाटलं जातं, लहानग्यांच्या वाटीत जातं. माऊलीचं मन तसंच असतं, पण कायद्यानं ते तिच्या दुधासाठी दिलंय, हे सासरच्यांनीही ध्यानात ठेवलेलं बरं.

बारीक आईनं लाडू सोडू नये. डिंकाचा, मेथीचा, जवसाचा, जो घरी बनेल तो खावा. त्याबरोबर ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडं, शेंगदाणे, हिरवी भाजी. जाड आईनंही तो सोडायला नको, रोज एकावर थांबावं, आणि तो खाल्ला त्या दिवशी शिरा आणि बिस्किटं नकोत. दोघींनी एक गोष्ट सारखीच करावी: वरण, उसळ, दूध-दही वाढवावं. बाळंतिणीला तूर वातूळ, वांगं वर्ज्य, पाणी कमी, अशी बंधनं घालत घालत ताटात शेवटी तूप-भातच उरतो. प्रथिनं उडतात आणि कॅलरी राहतात. पाणी तहान लागेल तेवढं प्यावं. जास्त पाण्यानं दूध वाढत नाही आणि कमी पाण्यानं अंग आवळत नाही.

संत्र्याच्या गावी राहून बाळंतिणीनं संत्रं खायचं नाही, ही तर मौजच. ‘आंबट-थंड’ म्हणून ते दूर ठेवतात. पाजत्या आईला क जीवनसत्त्व दिवसाला ११५ मिलिग्रॅम लागतं, एरवी बाईला ६५. आईच्या पोटातल्या संत्र्यामुळे बाळाला सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते. जेवणाबरोबर खाल्लेलं संत्रं भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, आणि शंभर ग्रॅममागे त्यात पन्नासच्या आत कॅलरी. जाड आईच्या संध्याकाळच्या भुकेला याहून स्वस्त आणि जवळचं उत्तर तालुक्यात दुसरं नाही.

मेथी, शतावरी, अळीव यांनी दूध वाढतं असं मानतात. पुरावा तुटपुंजा आहे. दूध वाढतं ते मागणीनं. स्तन जितक्या वेळा रिकामा होईल तितकं पुढचं दूध तयार होतं, आणि रात्रीचं पाजणं त्यात फार मोलाचं. बिथरलेली गाय पान्हा चोरते हे गोठ्यात पाहिलेलं असतंच. माणसाच्या आईलाही भीती, भांडण, दुखणं यांनी पान्हा अडतो. ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानाशी सतत म्हणणं हा पान्हा अडवायचा हमखास मार्ग. दूध पुरतं की नाही, हे बाळाकडे पाहून ठरतं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी, दोन आठवड्यांत जन्मवजन परत, मग पहिले तीन महिने रोज २५-३० ग्रॅम वाढ. एवढं असेल तर दूध पुरतंय.

वजन उतरवायचं असेल तर पहिले सहा-आठ आठवडे कमी खाण्याचा विचार नको. दूध बसू द्यावं. चालणं मात्र लवकर सुरू करावं, साधं बाळंतपण असेल तर काही दिवसांतच, सिझेरियन असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो ही वरची हद्द आणि जेवण सहसा १,८०० कॅलरींच्या खाली नको. उपास, फक्त रसावर राहणं, बाजारातली वजन घटवणारी पावडर, चहा किंवा गोळ्या पाजत असताना नकोतच. त्यातलं काय दुधात उतरतं याचा भरवसा नसतो. पोटाला पट्टा बांधल्यानं कंबरेला आधार वाटतो, चरबी त्यानं विरघळत नाही. पोटाचे ताणलेले स्नायू श्वासाच्या आणि ओटीपोटाच्या हलक्या व्यायामांनी भरतात. उठाबशांची घाई करू नये.

काही वेळा काट्याच्या मागं आजार असतो. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासावी लागते. अशा बायांना पुढं मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, आणि जास्त महिने पाजणाऱ्यांत तो कमी दिसला आहे. दूध सुरू ठेवण्याचं हे वजनापेक्षाही मोठं कारण. एकाएकी वजन उतरणं आणि धडधड, नंतर थकवा आणि सूज, असं झालं तर थायरॉइड तपासावं. खाणंपिणं नकोसं होणं, सतत रडू येणं, बाळाकडेही बघावंसं न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते ‘बाळंतवात’ म्हणून झाकून न ठेवता डॉक्टरांना सांगावं.

मजुरीवर जाणारीचं काय?

सरकारी किंवा संघटित खासगी नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी साधारण २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे अंगावर पाजायचे सहा महिने. वेचणीला किंवा निंदणाला जाणारीला ती नाही. तिच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ते किती दिवसांच्या मजुरीएवढे, हा हिशेब तिला करून दाखवावा लागत नाही. ती कामावर परतते. मग निदान जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजणं, दुपारसाठी स्वच्छ वाटीत दूध पिळून ठेवणं शक्य आहे. ते सावलीत, झाकून चार तास राहतं. नरखेडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. आणि घरातल्या माणसांनी तिच्या हातातली घागर घेतली, तर त्याही कॅलरी तिच्या अंगी लागतात.

या सगळ्यावर नजर ठेवायला आशाताई आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिनं घरी यायचं असतं. या घरभेटींची कल्पनाच विदर्भातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढं ती रीत देशभर गेली. भेटीत बाळाचं वजन झोळीच्या काट्यावर होतं, कार्डावर टिंब पडतं, सगळे वाकून पाहतात.

आईचं वजन गरोदरपणात दर तपासणीला लिहिलेलं असतं. बाळ झालं की तो रकाना बहुधा तिथंच थांबतो. बेचाळिसाव्या दिवशी, सव्वा महिना सरताना, बाळाच्या झोळीशेजारी जमिनीवरच्या काट्यावर आईलाही उभं करावं. तो आकडा गरोदरपणापूर्वीच्या आकड्याशेजारी लिहावा. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा. एकीला त्या दोन आकड्यांतून कळेल की लाडवाची वाटी एकावर आणायची वेळ आली. दुसरीच्या घरच्यांना कळेल की वाटीत लाडू दोन हवेत आणि तिला काही दिवस वेचणीला धाडायचं नाही. काटा एकच, त्यावर दोघींनी चढायचं.